मिरीच्या सेंटची वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा सुगंध बनवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. वकिलांच्या मसुद्यात "पंचेंद्रिये शाबूत असताना" असे होते. ते मी खोडले आहे. चार शाबूत आहेत. नाक नऊ वर्षांपूर्वीच्या तापात गेले ते परत आले नाही, आणि ही गोष्ट मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन होती. दोन्ही धाकट्या भावाच्या लाभाची होती.

१. राहते घर भावजयीला. भावाला नाही. ती मला कधी आवडली नाही, आणि मी ते लपवलेही नाही. पण तीस वर्षे त्या घराच्या फरश्या तिनेच पुसल्या. भावाला तिथे राहायचे असल्यास त्याने तिची परवानगी घ्यावी.

२. बँकेत जे निघेल ते तापात माझ्या उशाशी बसलेल्या नर्सबाईंना. यावर कोणी नाक मुरडू नये. मुरडणाऱ्यांपैकी त्या आठवड्यात एकही फिरकला नव्हता.

३. तराजू, ड्रॉपर आणि काचेची भांडी आम्हाला बाटल्या पुरवणाऱ्या काचवाल्यांना. मोठ्या चंबूचा कान तुटलेला आहे. तो भावाने तोडला, आणि गेली बावीस वर्षे "आपोआप तुटला" असे सांगतो आहे.

४. आता सेंट. काळी मिरी, वेलची, जायफळ, आणि तळाशी जुन्या चामड्याचा वास. मी तो चौतिसाव्या वर्षी बनवला. तेव्हा आमच्या दुकानात डावे कपाट पुरुषांचे आणि उजवे बायकांचे होते. भावाने विचारले, "ताई, हा कुठं ठेवू?" मी म्हटले, "मधे, काउंटरवर. ज्याला झेपेल त्यानं घ्यावा." एक शाळामास्तरीण घेऊन गेली, पाठोपाठ एक न्हावी. पुढे दोघेही कायमचे गिऱ्हाईक झाले. हा लावून कोणी खोलीत आले की बाकीचे सरळ बसतात, असे लोक सांगत. भावाने बाटलीवर छापून आणले, "कोणापुढे न वाकणाऱ्यांसाठी". त्याखाली बनवणारा म्हणून स्वतःचे नाव छापले. मी ते वाचले आणि बाटल्या काउंटरवर मांडल्या. वाकणे मला चांगले जमत असे.

५. सेंटची वजने वहीत आहेत. पण मिरी दर वर्षी वेगळी निघते, त्यामुळे शेवटचे थेंब नाकानेच ठरवावे लागतात. कागदाची पट्टी बुडवायची, हवेत हलवायची, डोळे मिटून हुंगायची. मी मान डोलावली की बाटल्या भरायच्या. ताप गेल्यावरही मी मान डोलावत राहिले. नाक नसलेल्या सुगंधवालीला कोणी कामावर ठेवले असते? वजनांच्या भरवशावर दोन वर्षे निभावली.

मग एका सकाळी भावाने पट्टी पुढे केली. मी डोळे मिटले आणि म्हटले, "मिरी जरा जास्त आहे."

"बरं, ताई," तो म्हणाला. "कमी करतो."

त्याची मुलगी, माझी भाची, शेजारी उभी होती. हाताखाली शिकत होती, आणि तिचे नाक माझ्या उमेदीतल्या नाकापेक्षा सरस होते. ती माझ्यामागून पॅकिंगच्या खोलीत आली.

"आत्या, त्या पट्टीवर काहीच नव्हतं. बाबांनी नुसतं स्पिरिट लावलं होतं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय. तुला कळत नाहीये. आणि आता ते बाबांनाही कळलंय."

मी तिच्या थोबाडीत मारली. पॅकिंगच्या चारही बायकांसमोर. पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही, असेही बजावले. तिने अ‍ॅप्रनची घडी करून स्टुलावर ठेवली आणि गेली. सात वर्षे झाली, पाय ठेवलेला नाही.

त्यानंतर भावाने मिरी कमी केली, मग वेलची, मग जायफळ. मी मान डोलावत गेले. जुने गिऱ्हाईक तुटले तेव्हा लोकांची आवड बदलली असे मीच सांगत सुटले. तो मला फसवतो आहे हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. आम्ही रोज एकत्र चहा पीत होतो. आता तो हे पाणी एका मोठ्या कंपनीला विकायला निघाला आहे.

६. सेंटची नोंदणी माझ्या नावावर आहे, हे तो विसरलेला दिसतो. वही, सेंटचे नाव आणि सर्व हक्क माझ्या पश्चात भाचीला मिळावेत. दर खेपेच्या मालातली एक बाटली मी वर साल लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवलेली आहे. शेवटची खरी कोणती ते तिने हुंगून ठरवावे आणि पुढच्या सगळ्या मोरीत ओताव्यात. तिला हे नको असल्यास वही जाळावी. सेंट माझ्याबरोबर संपला तरी चालेल. भावाच्या हाती जगायला नको.

७. थोबाडीत मारल्याबद्दल मी भाचीची माफी मागते. वकील म्हणतात, हे पाकीट मी गेल्यावर उघडेल आणि ही माफी तेव्हा तिच्यापर्यंत पोचेल. मेलेल्या बाईला कोणी नाही म्हणत नाही. तो फायदा घ्यायचे माझ्या मनात होते, हेही लिहून ठेवते. म्हणून या कागदाची एक प्रत आजच तिच्या पत्त्यावर पाठवली आहे. मी रोज दहा ते पाच मागच्या खोलीत असते. तिला नाही म्हणायचे असेल तर तिने येऊन माझ्या तोंडावर म्हणावे.

लिहून देणार: (सही) दुकानातली मोठी ताई

आमच्या देखत वाचून, समजून सही केली. मधे एकदा थांबल्या होत्या, पाणी दिले.
साक्षीदार: (सही) डॉक्टर, ज्यांना नाकाबद्दल आजच कळले
साक्षीदार: (सही) काचवाले

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: अकरा मार्च, सकाळी