काळी चारची पट्टी

नेकनूर
१ जून २०२५

ती. स्व. सुभद्राआत्यास,
परमेश्वरचा सा. न. वि. वि.

फोनवर तू म्हणालीस, तुझ्या ओरडण्यानं माझा कान फुटतो, काय असेल ते लिहून धाड, लिहिता लिहिता तरी डोकं थंड होईल. झालं नाही. तरी लिहितोय. राधाकिशनची दुधाची गाडी रोज बीडला येते, त्याच्याच हाती देतो.

आपली आरोही आठवी पास झाली आणि वस्तीवरची शाळा संपली. आता नववीला एक तर इथल्या हायस्कुलात, नाही तर तुझ्या घरी राहून बीडला, त्या सोमनाथ सरांच्या शाळेत. लिंबागणेशच्या देवळात तिचं गाणं ऐकून सर स्वतः म्हणाले होते, पोरीला आमच्याकडे घाला, मी शिकवतो. इथल्या हायस्कुलात गाणं न्हाई. अप्पा म्हणतात, कावून पाहिजे गाणं? संध्याकाळी भजनात गाती की, तेवढं लई झालं. मी मधी बोललो, तर सगळ्यांदेखत म्हणाले की ज्याला स्वतःचं कॉलेज पुरं करता आलं न्हाई, त्यानं बहिणीची शाळा निवडू ने. मी ताट सरकावून उठलो.

आरोही भांडी घासताना गुणगुणायची, ते बंद. मायनं विचारलं तर म्हणाली, आता सवय मोडायलाच पाहिजे ना. आत्या, हे ऐकल्यापासून मला घास गिळवत नाही. तू अप्पांची थोरली बहीण, तुझ्यापुढं त्यांचं चालत नाही. काहीतरी कर. आणि तुझ्या मनात काय येतंय ते मला ठाऊक आहे. वर्षाराणीचा ह्यात काही संबंध नाही.

कळावे. चिडका असलो तरी भाचा तुझाच आहे, माया पातळ करू नकोस.
तुझा
परमेश्वर

बीड
३ जून २०२५

चि. परमेश्वरास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर्षाराणीचा संबंध नाही, असं तू कुणी न विचारता लिहिलंस, त्यातच सगळं आलं. तिचं घर माझ्याच गल्लीत, शाळेच्या फाटकासमोर आहे हे मला माहीत नाही का रे? तिच्यावरून एकाच्या थोबाडीत देऊन तू कॉलेज सोडून आलास. ती पोरगी तिकडं शेवटच्या वर्षाला पोचली. तुझ्याशी धड चार शब्द तरी बोलली होती का?

असो. तुझ्या अप्पाशी, तानाजीशी बोलले. आधी हो-ना केलं, मग म्हणाला, ने पोरीला आठ-दहा दिवस. सरांचा सुट्टीतला वर्ग शाळेतच चालतो, तिथं बसव. पंधरा तारखेच्या रविवारी मी येतो, तेव्हा ठरवू. पण परमेश्वर मधी नको, तो जातो तिथं भांडण जातं. तेव्हा तू इकडं फिरकू नकोस. पोरीची वाट मोकळी होतेय, तीत तू आडवा येऊ नकोस.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो सांभाळणं तुझ्या हाती.
तुझी
आत्या

बीड
१० जून २०२५

ती. स्व. दादास,
आरोहीचा सा. न. वि. वि.

आत्या म्हणाली, दादाला तूही चार ओळी लिही, नाही तर तो काहीबाही समजून बसतो. म्हणून लिहिते. मी बरी आहे. पहिल्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर रडूच आलं. सर म्हणाले, हिला काळी एकची पट्टी बसायची नाही, काळी चारची बसवून बघू. आता रोज तीच बसते. सुरुवातीला गळा दुखला, आता सवय झाली. सर म्हणतात, एकदा पट्टी नीट बसली की पोरीचं तोंड आपोआप उघडतं. आणि खरंच उघडलं रे दादा.

अप्पा रविवारी येणार आहेत. तू येऊ नको, मी निभावते. मायला सांग, आत्याकडचं वरण लई गोड असतं.

मला विसरू नकोस.
तुझी
आरोही

नेकनूर
११ जून २०२५

ती. स्व. आत्यास,
परमेश्वरचा सा. न. वि. वि.

तू नको म्हणालीस तरी मी आज आलतो. तुझ्या घरी आलो नाही, सरळ शाळेत गेलो. आरोहीचं पत्र वाचल्यावर कुठला भाऊ घरी बसेल? काळी एक, काळी चार! मारायच्या पट्ट्यांना नंबर टाकून ठेवलेत ह्या माणसानं! रोज बसते म्हणती, गळा दुखला म्हणती, सवय झाली म्हणती. पोरीला माराची सवय झाली आणि तू तिथं असून तुला पत्ता नाही?

मी सोमनाथ सरांची कॉलर धरली. विचारलं, कुठंय ती काळी पट्टी, काढ बाहेर, मला मारून दाखव. तर तो माणूस पेटीकडं बोट दाखवत राहिला. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. मोठ्या बाई धावत आल्या. आरोही कोपऱ्यात तोंड झाकून रडत होती, माझ्याकडं बघायलासुद्धा तयार नाही. केवढी दहशत बसवली असेल! शिपायानं मला बाहेर काढलं, म्हणून वाचला तो.

तिला घेऊन ये. नको ते गाणं.

कळावे. तुझ्यावरही राग आहे, पण तो तुझ्याजवळच काढणार ना.
परमेश्वर

बीड
१२ जून २०२५

चि. परमेश्वरास,
आशीर्वादाला हात उचलत नाही, रीत म्हणून लिहिते. वि. वि.

अरे बैला, पट्टी पेटीची असते. पांढऱ्या पट्ट्या, काळ्या पट्ट्या. ज्या पट्टीवर सा धरला की गळा मोकळा सुटतो, ती त्या गळ्याला बसली म्हणायचं. भजनात गड्यांच्या पट्टीत गाऊन आरोहीचा आवाज दबला होता. काळी चारला तो सुटला. सरांनी तिला बोट लावलेलं नाही. पहिल्या दिवशी आवाज निघेना म्हणून रडली होती, आणि काल रडली ती तुझ्या लाजेनं.

मोठ्या बाई म्हणाल्या, ज्या घरचा माणूस मास्तरच्या अंगावर जातो त्या घरची पोर घ्यायची का, याचा विचार करावा लागेल. सर भला माणूस. म्हणाले, पोरीला मी शिकवीन, पण तिचा भाऊ ह्या गल्लीत पुन्हा दिसला तर नाही. तानाजीच्या कानावर गेलंय. तो रविवारी आता ठरवायला नाही, तिला न्यायलाच येतोय. माझा फोन घेत नाही. आरोहीनं निरोप दिलाय की दादाला सांगा, माझ्याशी बोलू नको. आणि गॅलरीतून वर्षाराणीनं सगळं पाहिलं, तेही तुला कळलेलं बरं.

आता तूच तानाजीपुढं उभा राहा. गेलीच पोर परत, तर तुझ्यामुळं गेली.
आत्या

नेकनूर
१७ जून २०२५

ती. स्व. आत्यास,
परमेश्वरचा सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी आरोही अप्पांसमोर कशी गायली ते तू ऐकलंस. सकाळचं सांगतो. अप्पा निघाले तेव्हा मी वाट अडवून उभा राहिलो. म्हटलं, चूक माझी हाय, सजा तिला कावून? ती तिथं शिकंल तोवर मी त्या गल्लीत पाय ठेवणार न्हाई. अप्पा म्हणाले, तुझ्या शब्दाला काय किंमत हाय बे? पहिल्यांदाच मी नुसता उभा राहिलो, हात खाली सोडून. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग गेले.

संध्याकाळी एकटेच परत आले. टोपी काढली, पाणी प्याले. मायला म्हणाले, पोरीची पेटी भर. मग स्वतःशीच बोलल्यागत म्हणाले, एवढा आवाज हाय तिच्यात, आणि आपण घरात असून ऐकला न्हाई.

काल राधाकिशनच्या गाडीतून तिची कपड्यांची पत्र्याची पेटी मीच आणली. गल्लीच्या तोंडाशी उतरवली आणि थांबलो. आरोही नव्या गणवेशात आली. बोलली नाही. एक कडी धरली आणि दुसरी मी धरीन म्हणून वाट बघत राहिली. मी मान हलवली. मग एकटीच ओढत निघाली. मध्ये दमली, वाकून उभी राहिली, मागं वळून पाहिलं. माझे पाय नुसते वळवळत होते. गेलो नाही. तिनं पुन्हा कडी धरली आणि तुझ्या घराच्या फाटकातून पेटी आत नेली.

वर गॅलरीत कुणी होतं का, ते मला माहीत नाही. मी वर पाहिलंच नाही.

कळावे. तिच्यावर असेल त्यातला थोडा लोभ इकडंही राहू दे.
तुझा
परमेश्वर