पितळेचे सहा स्क्रू

बाबा, तुम्ही बसवलेले स्क्रू काल मी गिटारमधून काढले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, स्क्रू बसवून सव्वीस. आमच्या तळेगावच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे, पोरींच्या गाण्याला साथ करावी म्हणून इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून काढली, स्पीकरला जोडली, तर आवाज तसाच दबलेला, कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखा. नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पिकअपच्या स्क्रूले चुंबक चिकटते का, थे पाहा पह्यले." शाळेतल्या सहावीच्या विज्ञानपेटीतला चुंबक आणून लावला. एकालाही चिकटला नाही. तारांखालच्या त्या काळ्या पट्टीत, म्हणजे पिकअपमध्ये, चुंबक असतो आणि वरचे लोखंडी स्क्रू त्याची ओढ तारांपर्यंत नेतात, हे मला या वयात, त्या माणसाकडून कळलं. तुम्ही मात्र देवळीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलंत. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे तुमच्या वर्गात कुणाला माहीत नव्हतं?

पिपरीच्या घरातली ती सकाळ मला अजून स्वच्छ दिसते. दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या ऑर्केस्ट्रात माझी चाचणी आहे. माझ्या हाताच्या घामानं स्क्रू गंजलेत. "असं गंजकं घेऊन लोकाइपुढं जाशीन का?" म्हणत तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर गिटार आडवी ठेवता, शाळेतून आणलेले पितळी स्क्रू कानशीनं घासून मापाचे करता. आई पोळ्या लाटत बाजूला सरकते. मी बॅटरी धरून उभी आहे आणि मला रडू येईल इतका आनंद झालाय, कारण 'तुणतुणं' न म्हणता तुम्ही तिला पहिल्यांदाच हात लावलाय. सगळे बसवून झाल्यावर तुम्ही पंच्यानं त्यांची डोकी पुसलीत. सोन्यासारखी चमकत होती. माझ्या गिटारला तुम्ही दिलेली ती एकच भेट.

घरी स्पीकर नव्हता, त्यामुळे नव्या स्क्रूंचा आवाज पहिल्यांदा चाचणीतच ऐकला. ऑर्केस्ट्राचे मालक स्पीकर वाढवत राहिले. नुसती घरघर वाढली. माझ्या आधीच्या मुलाची गिटार हॉलभर घुमली होती, माझी पहिल्या रांगेपर्यंतही पोचेना. घरी आले तेव्हा तुम्ही बाजेवर पेपर वाचत होतात.

"काऊन रडून राह्यली?"

मी सांगितलं. तुम्ही पेपर खाली ठेवला नाहीत. "तुह्या बोटात जोरच नाई. सगळ्याइले जमते थोडी. डी.एड.चा फॉर्म भर."

मी भरला. नोकरी लागली, संसार झाला. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघालं नाही, तरी तुमचं ते वाक्य कानात वाजायचं.

काल आई मेथी निवडत बसली होती. हातातले स्क्रू तिच्यापुढे धरून मी विचारलं, "बाबांना माहीत होतं?" तिनं हातातली काडी मोडली. मग म्हणाली, "तू रडत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू झोपलीच होती, तवा त्याइनं चुंबक लावून पाह्यला. मले मनले, आता तिले काई सांगू नको. बरं झालं. शिकण्यात ध्यान लागन."

म्हणजे स्क्रू बसवताना चूक झाली होती. ती कुणाकडूनही होते. पण नंतर तुम्ही गप्प बसलात, आणि शिक्षण खात्यातून निवृत्त होईपर्यंत, दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यापर्यंत गप्पच राहिलात. मी तुमचे पाय चेपत होते, बाबा. तेव्हा तरी सांगायचं. आईवर मी काल इतकी ओरडले की शेजारीण दारात आली.

लोखंडी स्क्रू बसवले. आवाज घरभर भरला. बोटं मात्र आखडलीत, साधी सरगमही नीट निघेना. आवाज आल्याचा आनंदही झाला नाही.

हे पत्र कुठं पाठवणार? म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. चाचणीच्या दिवशी ऑर्केस्ट्राचे मालक माझ्यामागे दारापर्यंत आले होते. म्हणाले, "पोरी, गिटारमधीच बिघाड दिसते. परवा येजो, माह्या गिटारवर वाजवून दाखवजो." मी गेले नाही. तिथं मी घाबरले होते, आणि पुन्हा तसं लोकांपुढं उभं राहायचं नव्हतं. तुमचं वाक्य मला सोयीचं वाटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि काल आईवर ओरडतानाही सांगितलं नाही.