कावूनचं उत्तर

मी, सोमेश्वर राधाकिशन गडदे, वय एकोणपन्नास, मूळ राहणार नांदूरघाट, तालुका केज, सध्या राहणार पाली, तालुका व जिल्हा बीड, धंदा पूर्वी वाहतूक, आता काही नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदय तेवढं नाही, त्याची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी ठरली आहे, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. हे वाक्य घालाच, असं वकील आप्पाराव म्हणाले. दडपण आणायला माणूस जवळ असावा लागतो, आणि या घरात दिवे लागल्यानंतर माझ्याशिवाय कोणी नसतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. माझ्याबद्दल. वडील राधाकिशन मेंढरं राखायचे. मी मांजरसुंब्याला दुधाच्या टँकरवर क्लीनर म्हणून चढलो, आणि दूध नासू नये एवढ्याच काळजीतून पुढे थंड गाड्यांचा धंदा उभा राहिला. लशी, मासे, द्राक्षं, आइस्क्रीम, जे जे उन्हाला भितं ते माझ्या गाड्यांतून देशभर गेलं. त्यापायी अर्धं आयुष्य पुण्यात काढलं. मग कंपनी विकली, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रं मला अब्जाधीश म्हणतात. नांदूरघाटात मी अजून ‘राधाकिशनचं थोरलं पोरगं’ आहे. मला तीच पदवी बरी वाटते.

दोन. धाकटा भाऊ बजरंग. वडिलांच्या दहाव्याला त्याने चौकात फ्लेक्स लावला. त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे, आणि खाली कोपऱ्यात आमचे वडील, पासपोर्ट साइझ. त्या दिवशी सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाच्या खिशात माझ्यासाठी एकेक अर्ज होता. एकाने तर पिंडाला कावळा शिवायच्या आधीच काढून दिला. त्यानंतर मी पालीला बिंदुसरा धरणाच्या काठावर घर बांधलं, उंच लोखंडी फाटक बसवलं आणि आत जाऊन बसलो.

नांदूरघाटच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा बजरंगला द्यावा. तो फ्लेक्स मी घडी घालून ठेवला आहे, तोही त्यालाच द्यावा. गोठ्यावर टाकला तर पावसाला उपयोगी पडतो. माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स कुठल्याही चौकात लागला तर त्याचा हिस्सा रद्द समजावा. ही अट कोर्टात टिकेल की नाही, याची वकीलसाहेबांना खात्री नाही. राहू द्यावी. वाचून त्याला घाम तरी फुटेल.

तीन. पैसा, शेअर, ठेवी, जे काही आहे ते सगळं एका न्यासाकडे जावं. ज्या मुलामुलींची फेलोशिप अडकते, ज्यांचे गाइड फोन उचलत नाहीत, आणि जे तरीही अभ्यास सोडत नाहीत, त्यांच्यासाठी ते वापरावं. मोठा चेक हातात धरून फोटो काढू नये. सत्कार नको, नारळ नको, शाल तर अजिबात नको. न्यासाला माझं नाव देऊ नये. व्यवस्था पाहण्याचं काम वकील आप्पाराव यांनी विनामोबदला पत्करलं आहे, याबद्दल त्यांचे आभार.

चार. पालीचं घर न्यासाकडे राहील, पण वॉचमन आश्रुबा आणि स्वयंपाक करणाऱ्या कौशल्याबाई यांना आवारातल्या त्यांच्या खोल्या हयातभर राहतील आणि पगारही चालू राहील. कौशल्याबाईंचा हात तेलाला सैल आहे, हे मी इथे लेखी नोंदवतो. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण ‘जेवा, न्हाईतर मांजराला घालीन’ हे या घरात रोज ऐकलेलं एकमेव मायेचं वाक्य त्यांचं आहे. लोखंडी फाटक काढून भंगारात द्यावं. काठाकडे जाणारी वाट सगळ्यांना कायम मोकळी असावी.

पाच. ऋतुजा उत्तरेश्वर तांदळे, वय एकतीस, मूळ राहणार केज तालुका, हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. मृत्युपत्रात कारणं द्यावी लागत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणतात. मला द्यायची आहेत.

ती बिंदुसरेच्या गाळातल्या शिंपल्यांवर पीएचडी करत होती. शिंपल्यांवर कोणी पीएचडी करतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. फेलोशिप अडकलेली. सकाळ-संध्याकाळ बीडमध्ये शिकवण्या घ्यायच्या, आणि मधल्या वेळात सेल्फ-स्टार्ट बंद पडलेल्या स्कूटीवरून पालीला यायचं. काठाकडची वाट माझ्या आवारातून जाते. पहिल्या दिवशी फाटकापाशी तिचं आणि आश्रुबाचं वाजलं, ते मी गच्चीतून ऐकलं.

‘साहेब कुणालाच भेटत न्हाईत,’ आश्रुबा म्हणाला.

‘मला कुठं साहेबाला भेटायचंय? मला शिंपल्यांना भेटायचंय. तुमचे साहेब गाळात राहतेत का?’

मला हसू आलं. माझंच हसणं मला परकं वाटलं, इतके दिवस झाले होते. मी वरून ओरडून फाटक उघडायला सांगितलं.

आधी मी गच्चीतूनच बघायचो. मग चहा घेऊन खाली जाऊ लागलो. मग वडिलांची घोंगडी काठावर अंथरायला नेऊ लागलो, कारण ती ओल्या दगडावर बसायची. पहिले काही आठवडे मी तिच्या खिशातल्या अर्जाची वाट पाहिली. खिशातून शिंपलेच निघत राहिले. माझ्या गाडीत ती बसली नाही, माझ्या घरी जेवली नाही. स्वतःच्या फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, ‘खावा, लई श्रीमंत झाले म्हणून काय ठेचा झोंबत न्हाई व्हय?’ झोंबायचा. मी पाणी न पिता खायचो.

ती मला साहेब म्हणायची. एकदा पाय गाळात रुतला तेव्हा तिच्या तोंडून निघालं, ‘अहो, हात द्या की!’ आमच्याकडे अहो कोण कोणाला म्हणतं, हे सांगायला नको. हात दिला, ती वर आली, दोघंही ओशाळून भलतीकडे बघत राहिलो. पण त्यानंतर साहेब परत आलं नाही. मी तिच्या प्रेमात होतो. तीही असावी. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे आणि तोंडाने अजून बोललेलो नाही, सगळा घोटाळा इथेच आहे.

दिवाळीनंतर तिचं गाळातलं काम संपलं. कोकणातल्या एका कॉलेजात कंत्राटी नोकरी लागली. सांगायला आली तेव्हा आम्ही घोंगडीवर बसलो होतो. मी म्हणालो, ‘इथंच राहा.’

ती म्हणाली, ‘कावून?’

कावून म्हणजे का. हा शब्द माझ्याही तोंडात होता, पण पुण्यात पहिल्याच वर्षी त्याला लोक हसले, म्हणून मी तो घासून काढला. पुण्याच्या ऑफिसात मी काही देऊ केलं आणि समोरच्याने ‘का?’ विचारलं, की त्याचा अर्थ असायचा, यात माझा फायदा काय ते सांगा. तेवढाच अर्थ माझ्या कानात उरला होता. मी फायदे सांगितले. ‘तुझ्या अभ्यासाची सोय होईल. खर्चाची काळजी राहणार नाही.’

तिने भाकरीचं फडकं झटकलं, घडी केली. ‘मला तुमचं काय बी नको, साहेब.’

साहेब परत आलं. ती चपला घालून फाटकाकडे गेली. स्कूटी किक घेईना. ती मारत राहिली आणि मी तिथे हात मागे बांधून उभा होतो. तेवढ्या वेळात मुका माणूसही बोलला असता. मग स्कूटी सुरू झाली.

गेल्या महिन्यात छातीत दुखलं म्हणून मला बीडला दवाखान्यात ठेवलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा मुलगा भेटायला आला तशी ती म्हणाली, ‘कावून आलास रे?’ तो म्हणाला, ‘असंच.’ म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं.

मला माझी आई आठवली, कैलासवासी बायनाबाई. मी पुण्याहून घरी गेलो की उंबऱ्यातच विचारायची, ‘कावून आलास?’ आणि मी म्हणायचो, ‘तुला बघाया आलो.’ मग ती पदराआड हसून चुलीकडे वळायची. एकदा मी ‘केजला काम होतं’ म्हणालो, तर तिने न बोलता वाढलं. तिला काय ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. जे ठाऊक आहे ते तोंडून ऐकायचं असतं, म्हणून आमच्याकडे कावून विचारतात. ऋतुजा नाही म्हणाली नव्हती. तिने मला बोलायला जागा करून दिली होती, आणि मी तिथे खर्चाची काळजी आणून ठेवली.

तर ऋतुजा, कावूनचं उत्तर असं आहे. तू इथं राहावंस, कारण मला तू हवी आहेस. तू गेल्यापासून फाटक उघडंच ठेवायला सांगितलं आहे आणि आत कोणी येत नाही. चहा दोन कपांचा होतो, एक ओतून द्यावा लागतो. लई साधं उत्तर हाय. मला ते माझ्याच भाषेत देता आलं नाही.

फोन करता आला असता, नंबर पाठ आहे. पण छाती उघडायच्या आठवड्यात फोन करून असं बोलणं म्हणजे आजाऱ्याने दया मागितल्यासारखं झालं असतं. त्याला तिने नाही म्हणायचं तरी कसं?

सहा. माझ्या मागे दहावं, तेरावं साधं करावं. पुढारी आल्यास चहा द्यावा, माइक देऊ नये. वडिलांची घोंगडी मला ऋतुजाला द्यायची होती. ती का देता येत नाही ते पुढच्या कलमात आहे. ती मला नेताना माझ्याच अंगावर घालावी.

सात. साक्षीदार. वकीलसाहेबांनी मला समजावून सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. ‘दोन साक्षीदार लागत्यात, सोमेश्वरराव. ज्याला काई मिळणार हाय त्यानं सही करू नये, न्हाईतर त्याला दिलेलं बाद व्हतंय. एक मी हाय. दुसरा सांगा.’

मी बराच वेळ विचार केला. आश्रुबाला मिळणार आहे, कौशल्याबाईंना मिळणार आहे. बाकी फोनमधली नावं खालपर्यंत पाहिली. प्रत्येकाला काही मिळालं आहे किंवा काही हवं आहे. एवढ्या गाड्या रस्त्यावर फिरवल्या, एवढी माणसं सांभाळली, आणि माझ्याकडून काहीच नको असलेला एक माणूस सापडेना. मग तिचं वाक्य आठवलं. मला तुमचं काय बी नको, साहेब. जगात माझी साक्षीदार व्हायला लायक अशी तीच एक आहे. म्हणून तिला घोंगडीसुद्धा दिलेली नाही.

‘माझा कारकून करील की सही,’ वकीलसाहेब म्हणाले.

‘नको.’

‘अन् ती न्हाई आली तर?’

ती आली नाही तर हा कागद कोराच समजावा. मला बायको-पोरं नाहीत, आई-वडील राहिले नाहीत, तेव्हा कायद्याने सगळं बजरंगकडे जाईल. त्याने हा काठ एका रिसॉर्टवाल्याला दाखवूनही ठेवला आहे. न्यास होणार नाही, वाट बंद होईल, शिंपल्यांवर फरशी बसेल. हे सगळं मी जाणून आहे.

‘येडेपणा हाय ह्यो,’ वकीलसाहेब म्हणाले.

‘हाय,’ मी म्हणालो. हाय हा शब्दही बऱ्याच दिवसांनी तोंडात आला.

ती आली नाही तर काय होईल, हे वकीलसाहेबांनी तिला बोलावताना सांगू नये. एका सहीला याल का, एवढंच विचारावं. आल्यास सहीआधी तिने हे वाचावं अशी माझी इच्छा आहे, सक्ती नाही.

वरील सर्व मजकूर मी समजून-उमजून लिहिला आहे. दोन्ही साक्षीदार समोर असतील तेव्हाच मी खाली सही करीन.

ठिकाण: पाली, ता. जि. बीड
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

मृत्युपत्र करणार:
(सही) सोमेश्वर राधाकिशन गडदे

साक्षीदार १:
(सही) ॲड. आप्पाराव
मृत्युपत्रकर्त्यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते. सही करताना बघत मात्र दुसऱ्या साक्षीदाराकडे होते.

साक्षीदार २:
(सही) ऋतुजा उत्तरेश्वर तांदळे
सगळं वाचलं. त्यानंतर मृत्युपत्रकर्त्यांनी माझ्यासमोर सही केली. सहीआधी त्यांनी मला विचारलं, ‘कावून आलीस?’ उत्तर मी तोंडी दिलं आहे, ते कागदावर घ्यायची गरज नाही. कलम सहामधली घोंगडी मी घेतली आहे. ती मला दिलेली नाही, त्यामुळे माझी साक्ष बाद होत नाही. गुरुवारी दवाखान्यात ह्यांना थंडी वाजेल.