जाळीपलीकडचा कान

प्रिय स्कोलास्टिका,

मंगळवारी तुझ्या घरून तडकाफडकी उठून गेले, त्याचा राग मानू नकोस. मला राग आला होता तो तुझ्या बारासाचा. तू माझा हात घट्ट धरून एक शब्द शोधत होतीस, आणि हे चिरंजीव चहाचा कप घेऊन दारात उभे राहून तुझ्या तोंडात भलतेच शब्द कोंबत होते. तू म्हणालीस, "गुडघे." मग, "जाळी." मग बऱ्याच वेळाने, "पलीकडे कान." बारासा म्हणाला, "पर्पेच्युआ मावशी, आईला कोंबड्यांचं खुराडं म्हणायचंय." खुराड्याला कान कधीपासून फुटले, असं मी विचारलं तर दात काढून हसला. मुख्याध्यापिकेचा मुलगा हा! तू मात्र रडलीस. अर्धांगवायूने तुझे शब्द नेलेत, अक्कल नाही, एवढं त्या घरात कुणाला कळू नये? वाचलेलं तुला सगळं समजतं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून लिहितेय. हे पत्र उशीखाली ठेव.

लाज मलाही वाटली. बुंगोमाच्या पोस्टात चौतीस वर्षं मी तारा घेतल्या. माणसं खिडकीशी येऊन घरातलं अख्खं रडगाणं सांगायची आणि मी त्यातून नेमका एक इंग्रजी शब्द काढून द्यायची. तुझाच तेवढा सापडू नये?

हे कसब मी पोस्टात नाही, तुझ्याकडून शिकले. कॉन्व्हेंटमध्ये आपली घरची बुकुसू भाषा बोलताना सापडलं की गळ्यात लाकडी पाटी, आणि दुसरी कुणी सापडली की ती तिच्या गळ्यात. मला चाळणीचा इंग्रजी शब्द आठवेना, की तू समोर येऊन उभी राहायचीस. मी तोडक्या इंग्रजीत "भोकं, पीठ, हलवायचं" असं काहीतरी बडबडायची आणि तू शब्द पुटपुटायचीस. माझी मान किती वेळा वाचवलीस तू! शेवटच्या वर्षी सिस्टर फिनबारनी स्पर्धा ठेवली. त्या अर्थ वाचणार, आपण शब्द सांगायचा. जिंकेल तिला शिक्षिका व्हायच्या कॉलेजात जागा. उरलो आपण दोघीच. पण सकाळी जिच्या गळ्यात पाटी असेल तिने स्पर्धेत उतरायचं नाही, असा नियम. त्या सकाळी ती माझ्या गळ्यात होती. तू जिंकलीस, मी पोस्टात गेले. पुढे आपण उसाच्या भावापासून बिशपच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यावर बोललो. यावर कधीच नाही.

काल म्रेंदाची पालेभाजी निवडताना शब्द सापडला. गुडघे टेकायचे, मध्ये लाकडी जाळी, पलीकडे फादरचा कान. कन्फेशन, पापाची कबुली. हाच ना?

तर मग ऐक. स्पर्धेच्या पहाटे, उठायच्या घंटेच्या आधी, तू तुझ्या गळ्यातली पाटी काढून माझ्या गळ्यात घातलीस, तेव्हा मी जागी होते. तुझे हात गार होते. दोरी माझ्या केसांत अडकली, ती तू हळूच सोडवलीस. मी डोळे उघडले नाहीत. तुझ्या काकाने तुझ्या बदल्यात त्या म्हाताऱ्याच्या गाई आधीच गोठ्यात बांधून घेतल्या होत्या. कॉलेजात जागा मिळाली नसती तर डिसेंबरात तुझं त्याच्याशी लग्न होतं, हे मला ठाऊक होतं. मला संत समजू नकोस, तसल्या बायका नन्सच्या कॅलेंडरवर पुरेशा होत्या. अकरा वर्षं मी मनात तुला शिव्या घातल्या, त्याही बुकुसूत. मग कळलं, मुख्याध्यापिका झाल्यावर पहिल्याच दिवशी तू तुझ्या शाळेतली पाटी चुलीत घातलीस. तिथे माझ्या शिव्या संपल्या.

गुरुवारी येते. बारासाला बाजारात पाठव. तू काही कबूल करायला धडपडू नकोस, ते ऐकून झालंय. या वेळी अर्थ मी सांगते, शब्द तू शोध: जे मागायच्या आधीच देऊन झालेलं असतं, ते. नाही आठवला तर घाबरू नकोस. मी तुझ्यासमोर उभी राहीन आणि पुटपुटेन.

तुझीच,
पर्पेच्युआ