सातव्या मिनिटाचा आवाज

ठमे,

पालकांची बैठक आहे, सहापर्यंत येते. दूध तापवून ठेवलंय, घे. टेबलावरचा मोबाइलचा स्टँड हलवू नकोस. हलवलास तरी चालेल म्हणा.

अपूर्णांकांचा परवाचा व्हिडिओ मी घाईत न तपासताच वर्गाला पाठवला. मुलं धडा घरी बघून येतात आणि गणितं वर्गात माझ्यासमोर सोडवतात, त्यामुळे काल अख्खा वर्ग तो बघूनच आला होता. सातव्या मिनिटाला तुझा आवाज आहे, "आई, जेवलीस का?" आणि मी तुझ्यावर खेकसलेय, "दिसत नाही का, काम चाललंय ते!"

अडतीस पोरांनी ऐकलं. गणितं राहिली बाजूला, मागच्या बाकावरच्या एकीने हात वर केला. "बाई, मग तुम्ही जेवलात का?"



नव्हते जेवले गं. हे रोजचे व्हिडिओ करून जीव मेटाकुटीला आलाय, पण त्याचा राग तुझ्यावर काढायला नको होता. तेवढा तुकडा मी कापणार नाही, राहू दे.

परवापासून तू विचारायचंच सोडलंयस. आज मी आले की विचार. मुद्दाम न जेवता येतेय.

आई