अय्याजला खरं सांगायचंय

प्रिय वर्षाली,

तू आत भाकऱ्या थापतेयस आणि मी बाहेरच्या खोलीत बसून तुला पत्र लिहितोय. हसू नकोस. मोबाईलवर टाइप केलं की तू अर्धं वाचूनच उत्तर देतेस. कागद तरी शेवटपर्यंत वाचशील.

कॅन्सरपायी स्वरयंत्र काढलं तेव्हापासून माझं सगळं तूच बोलतेस. झोप लागते का, असं डॉक्टर मला विचारतात. मी गळ्याला ते बोलायचं मशीन लावेपर्यंत तुझं सांगून झालेलं असतं, की छान झोपतात, एकदम पॉझिटिव्ह आहेत. डोंबलाचं पॉझिटिव्ह! चाकणला कंपनीत प्रेस शॉपच्या धडधडाटात शेवटच्या माणसापर्यंत माझी हाक पोचायची. आता कंपनीतली पोरं भेटायला येतात नि माझ्याशीच ओरडून बोलतात, जसे काही माझे कान गेलेत. राग येतो गं, आणि निघतो तुझ्यावर. परवा ताट सरकवलं ते त्यातूनच.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलात तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हा सिस्टरनं मला अय्याजजवळ बसवलं. कुदळवाडीत गॅरेज आहे त्याचं. त्यालाही हेच ऑपरेशन सांगितलंय आणि तो नको म्हणून अडून बसलाय. बायको जमिला समजावते, भाऊ समजावतात, हा आपला भिंतीकडे बघतो. माझं मशीन घरघरलं तसा आधी दचकला. मग विचारलं, पेट्रोलचा वास येतो का. नाही येत, म्हणालो, श्वास आता गळ्याच्या भोकातून जातो, नाकातून नाही. इतक्या दिवसांत कुणीतरी खरं बोललं म्हणून की काय, हसला. त्या दिवशी घरी येऊन मी दुधात कुस्करून दोन भाकरी खाल्ल्या. तुला वाटलं, ताप उतरला.

उद्या त्याला डॉक्टरांना काय ते सांगायचंय. त्याआधी त्यानं मला बोलावलंय. तू सोबत येणारच, माहीत आहे मला. ऑपरेशननंतर त्या एका संध्याकाळी मी आकुर्डी स्टेशनवरून उशिरा आलो, तेव्हापासून मला एकट्याला तू दुकानातसुद्धा पाठवत नाहीस. तिथे कशाला गेलो होतो, विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

काल अय्याजनं विचारलं, ऑपरेशननंतर कधी मरावंसं वाटलं का. मी मशीन उचललं, तोवर तू म्हणालीस, छे, यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यानं तोंड फिरवलं. वर्षाली, आलं होतं. स्टेशनवर मी फिरायला गेलो नव्हतो. बाकावर बसून खूप रडलो आणि घरी आलो, कारण तू जेवायची थांबली असशील. आता तसं वाटत नाही. भीती वाटते, रोज वाटते, पण तुझ्याशी भांडावंसंही वाटतं. उद्या मला त्याला हे सगळं सांगायचंय, आणि तू शेजारी असलीस तर जीभ रेटणार नाही. पण तुझ्याआधी ते परक्या माणसाला कळावं, हे काही मला पटेना. म्हणून लिहिलं. वाचून झालं की बाहेर ये. काय विचारायचं ते विचार. वेळ लागेल, पण उत्तर मीच देईन.

तुझाच,
समाधान