पेट्रोलचा वास

पनवेल, रविवार संध्याकाळ

सकाळचा जाळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. लिहिलं तर जाईल म्हणून बसलेय.

सकाळी बाबांबरोबर नेरे गावच्या आमच्या घरी गेले. तिथल्या शेडमध्ये त्यांची पन्नास वर्षांपूर्वीची गाडी आहे. महिनाभर ती स्टार्टच होत नव्हती. ठिणगीसाठीचे पॉइंट घासून झाले, त्यांचा कंडेन्सर बदलून झाला. मग बाबांनी एक स्पार्क प्लग बाहेर काढला, वायरीला जोडला आणि इंजिनावर टेकवून धरला. मला गाडीत बसवून म्हणाले, "ठिणगी पडते का बघतो. मी सांगितलं की चावी फिरव."

मला पेट्रोलचा वास येत होता. चांगलाच येत होता. मग बोलले का नाही? "तुला काय कळतंय?" म्हणतील म्हणून?

चावी फिरवली आणि भप्पकन जाळ झाला. बाबा दिसेचनात. मी ओरडत गाडीतून उतरले. शेडबाहेर बांधकामाची वाळू होती, ती दोन घमेली भरून ओतली तेव्हा जाळ विझला. बाबांची एक भुवई जळली, बाकी काही नाही. काही नाही कसं? वाळू नसती तर?

वास येत होता आणि मी गप्प बसले.

घरी आल्यावर धीर करून सांगितलंच. "बाबा, मला आधीच वास आला होता. पेट्रोलचा गळका पाइप बदलल्याशिवाय मी चावीला हात लावणार नाही."

वाटलं, आता ओरडतील. गाडीच्या बाबतीत त्यांनी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही. पण ते लगेच म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

म्हणजे बाबाही घाबरलेत. तेव्हापासून जास्तच भीती वाटतेय.